प्लॉटच्या कोपऱ्यातले आकडे: वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

पायथनमध्ये आलेख काढायची जी मॅटप्लॉटलिब लायब्ररी आहे, तिच्या खिडकीत माउस फिरवला की टूलबारच्या उजव्या कडेला एक्स-वायचे आकडे पळत असतात बघा, ते आपल्याला हवे तसे कसे दाखवायचे यावरच यावेळी एवढे प्रश्न आलेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. एक आधीच सांगते, फंक्शनांची नावं इथे देवनागरीत छापलीत, टाइप करताना ती इंग्रजीत, अंडरस्कोरसकट टाइप करायची, बहुतेक स्मॉल अक्षरांत, फक्त डेटफॉरमॅटरचे डी आणि एफ, ट्रान्सडेटाचा डी, आरसीपॅरॅम्सचा पी आणि फॉल्सचा एफ कॅपिटल. आणि प्रश्न थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार ताई, मी ताळगावला एमएस्सी करते. मांडवीच्या पाण्याच्या पातळीच्या वर्षभराच्या नोंदी आहेत, दर दहा मिनिटांना एक. आलेख छान येतो पण माउस नेला की कोपऱ्यात नुसतं वर्ष आणि महिना दिसतो, झूम केलं की मग तारीख येते, अजून केलं की तास. मला झूम न करता भरती नेमकी किती वाजता आली ते बघायचंय. होईल का?
— विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर: अर्धं होईल, अर्धं नाही होणार, दोन्ही सांगते.

आधी असं का होतं ते बघ. कोपऱ्यातल्या आकड्यांना स्वतःची अशी काही रीत नसते, खालच्या अक्षावर खुणांना जी लेबलं लागतात त्यांचा जो फॉरमॅटर (आकड्याचा मजकूर बनवणारा) असतो तोच ते उसना घेतात. तुझ्या खुणा महिन्या-महिन्याच्या अंतरावर पडल्यात म्हणून लेबलात वर्ष-महिना पुरतो, आणि म्हणून कोपऱ्यातही तेवढंच. हा धागा तोडायचा असेल तर आलेखाच्या चौकटीवर, म्हणजे अ‍ॅक्सवर एफएमटी_एक्सडेटा नावाचा गुण (अ‍ॅट्रिब्यूट) असतो, त्यात मॅटप्लॉटलिबच्या डेट्स मॉड्यूलमधला डेटफॉरमॅटर बनवून टाकायचा, बस, अक्षावरची लेबलं तशीच राहतात आणि कोपरा वेगळा बोलायला लागतो. फॉरमॅट लिहिताना टक्का-डी, टक्का-एम, टक्का-कॅपिटल वाय आणि मग वेळेसाठी टक्का-कॅपिटल एच, टक्का-कॅपिटल एम. स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिटं, इथे निम्मा महाराष्ट्र आणि सगळा गोवा घसरतो, वेळ कायम काहीतरी वाजून सहा मिनिटं दिसायला लागली तर समज की जूनचा डेटा आहे आणि एम चुकलाय.

आता टाइमझोन. डेटफॉरमॅटरला टीझेड देता येतो, एशिया/कोलकाता दिलं की तो युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साडेपाच तास मिळवून दाखवतो. पण तुझ्या फाइलमधल्या वेळा आधीच भारतीय वेळेत असतील आणि त्यांवर टाइमझोनचा शिक्का नसेल तर मॅटप्लॉटलिब त्या युटीसीच धरून चालतो, आणि वरून तू टीझेड दिलास तर साडेपाच तास दुसऱ्यांदा मिळवले जातात. एरवी असली चूक महिनोन्महिने लपते, भरतीच्या डेटात मात्र लगेच उघडी पडते. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. साडेपाच तासांनी सरकलं की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच येऊन बसते! घाटावर उभं राहून पाणी चढताना दिसतंय आणि तुझा आलेख म्हणतोय उतरतंय, असं झालं तर आधी टीझेड बघ, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेची, दारं कधी लागतात याचा हिशोब तू याच्यावरून करणार असशील तर आणखीनच.

आणि आता न होणारं अर्धं. तुझा आलेख पडद्यावर समजा १००० पिक्सेल रुंद आहे, वर्षाचे तास ८७६०, म्हणजे एका पिक्सेलमागे पावणेनऊ तास. माउस एक पिक्सेल सरकला की एक भरती ओलांडून तू पुढच्या ओहोटीपलीकडे पोचलीस. तिथे कोपऱ्यात १४:३७ असं दिसेल खरं पण त्या ३७ ला काही अर्थ नाही. एक आठवडा दिसेल एवढं झूम कर, आठवड्याचे १६८ तास, पिक्सेलमागे दहा मिनिटं येतात आणि तुझी नोंदही दहा मिनिटांचीच, मग कोपऱ्यातल्या वेळेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तोवर नको.

प्रश्न: माझ्याकडे रोजच्या पावसाची फाइल आहे. आलेखाच्या रेघेजवळ माउस नेला तरी कोपऱ्यातला वाय आणि फाइलमधला आकडा जुळत नाही. कधी ८१ मिमी, कधी ८३, फाइलमध्ये तर ७६.४ आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये चूक आहे का?
— निवृत्त शिक्षक, साखळी

उत्तर: चूक नाही सर. कोपऱ्यात दिसतो तो माउसचा पत्ता, तुमच्या डेटाचा नाही. बाण रिकाम्या जागेत धरा, तिथेही आकडे येतातच की. हे एकदा डोक्यात बसलं की या विषयातले निम्मे प्रश्न पडतच नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला वाटतं हा डिफॉल्ट चांगलाच आहे, कारण तो निदान प्रामाणिक आहे, बाण कुठे आहे तेवढंच सांगतो.

पण तुम्हाला फाइलमधलाच आकडा हवाय, तो मिळतो. अ‍ॅक्सवर फॉरमॅट_कोऑर्ड नावाची मेथड असते, तिला एक्स आणि वाय मिळतात आणि तिने एक ओळ मजकूर परत द्यायचा, एवढंच तिचं काम. माउस हलला की टूलबार तिला विचारतो आणि ती देईल ते छापतो. तुम्ही स्वतःचं फंक्शन लिहायचं आणि अ‍ॅक्स डॉट फॉरमॅट_कोऑर्ड, मग बरोबरची (=) खूण, मग त्या फंक्शनचं नाव, असं लिहायचं. फंक्शनमध्ये मिळालेल्या वायकडे चक्क दुर्लक्ष करायचं, एक्सच्या सर्वांत जवळची तारीख नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या सर्चसॉर्टेडने शोधायची (तारखा चढत्या क्रमाने हव्यात) आणि त्या दिवसाचा पाऊस छापायचा. तारखा अक्षावर १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांच्या आकड्यात असतात, आवृत्ती ३.३ पासून तरी, तेव्हा आधी डेट२नमने तुमचा कॉलम बदलून बाजूला ठेवा. सर्चसॉर्टेड शेवटच्या तारखेपलीकडे गेलं तर यादीबाहेरचा क्रमांक देतं, मग माउसच्या प्रत्येक हालचालीला टर्मिनलमध्ये एररचा पूर, म्हणून क्लिपने आवरा. उलट फंक्शनमधून व्हॅल्यूएरर आला तर टूलबार तो गुपचूप गिळतो आणि कोपरा नुसता कोरा दिसतो, ही जास्त वैतागाची गोष्ट, कारण काय बिघडलं ते कुणीच सांगत नाही.

इथे एक मोह होतो, तो टाळा. पाण्याच्या पातळीसाठी दोन नोंदींच्या मधला आकडा नमपायच्या इंटर्पने काढला तर चालतं, पाणी मधल्या वेळेत मधेच कुठेतरी असतं. रोजच्या पावसाला ते चालत नाही. ७ तारखेचा पाऊस आणि ८ तारखेचा पाऊस यांच्या मधे असा पाऊसच नसतो, ती चोवीस तासांची बेरीज आहे. आणि हवामान खातं ही बेरीज सकाळी साडेआठला घेतं, म्हणजे ८ तारखेसमोर लिहिलेला पाऊस हा मुख्यतः ७ तारखेला पडलेला असू शकतो. कोपऱ्याची ओळ आपल्या हातात आलीच आहे तर तिथेच लिहा ना, "८ जुलै सकाळी ८:३० पर्यंतचे २४ तास: ७६.४ मिमी". आलेख बघणाऱ्याला वेगळं काही समजवायला लागत नाही. माझ्या मते कोपरा बदलायचं खरं कारण हेच, दशांश सुंदर दिसावेत म्हणून नव्हे.

आणि फाइल वाचणं, गाळणं, जे काय असेल ते फंक्शनच्या बाहेर आधी करून ठेवा. ते माउसच्या प्रत्येक हालचालीला चालतं, आत सीएसव्ही उघडलीत तर बाण पुढे आणि आकडे मागून रखडत येतील.

प्रश्न: साळावली धरणाची पातळी डाव्या अक्षावर आणि पाऊस उजव्या अक्षावर असा ट्विनएक्सने एकच आलेख केलाय. कोपऱ्यात फक्त पाऊस येतो, पातळी येतच नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र दोन्ही येतात. हा काय प्रकार?
— इंजिनिअर, सांगे

उत्तर: आवृत्तीचा प्रकार. ट्विनएक्स केलं की एकावर एक असे दोन अ‍ॅक्स बसतात आणि माउसची घटना मिळते ती वरच्याला, म्हणजे तुमच्या बाबतीत पावसाला. जुन्या आवृत्त्यांत खालच्या अ‍ॅक्सला कोणी विचारतच नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत दोघांचे आकडे मधे उभी रेघ घालून एकामागे एक छापतात. ऑफिसच्या मशिनवर जुनी असणार, आणि ऑफिसात अपग्रेड कोण करतो ते मी विचारत नाही.

अपग्रेड करता येत नसेल तर वरच्या अ‍ॅक्सचं फॉरमॅट_कोऑर्ड बदला. आत आलेला एक्स-वाय वरच्या अ‍ॅक्सच्या ट्रान्सडेटातून पुढे काढायचा, म्हणजे पडद्यावरचा पिक्सेल मिळतो, आणि तो पिक्सेल खालच्या अ‍ॅक्सच्या ट्रान्सडेटाच्या इनव्हर्टेडमधून उलटा न्यायचा, म्हणजे पातळीचा मीटरमधला आकडा मिळतो. दोन ओळींचं काम आहे. फक्त ही उलटापालट फंक्शनच्या आतच हवी, एकदा बाहेर काढून साठवून ठेवलीत तर झूम केल्यावर आकडे भरकटतात, कारण इनव्हर्टेडने दिलेली प्रत गोठलेली असते.

नवीन आवृत्ती असली तरी मी म्हणेन स्वतःचंच लिहा, कारण दोन कंसांत चार आकडे आले तरी कुठला मीटर आणि कुठला मिलिमीटर ते बघणाऱ्याने ओळखायचं राहतंच. "पातळी अमुक मी, पाऊस तमुक मिमी" असं एककासकट छापा. त्या बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यावरून पाणी कधी पडायला लागलं हे बघायला लोक माना मोडून गर्दी करतात, आलेखात तरी सरळ दिसू दे.

प्रश्न: गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या समुद्राचं तापमान दाखवणारी उपग्रहाची प्रतिमा इमशोने काढलीय, एक्सटेंटमध्ये अक्षांश-रेखांश दिलेत. कोपऱ्यात ७३.८२९९६१ असलं काहीतरी येतं आणि पुढे चौकटी कंसात अजून एक आकडा. आमच्या ट्रॉलरवाल्यांना अंश-मिनिटांत पाहिजे, त्यांच्या जीपीएसवर तसंच असतं. मिनिटांना किती दशांश ठेवू?
— वाचक, वास्को

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू कारण तोच खरा प्रश्न आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. रेखांशाचं मिनिट आपल्याकडे, साडेपंधरा अंशांवर, थोडं लहान, सुमारे १.७९ किलोमीटर. म्हणजे मिनिटाचा एक दशांश म्हणजे एकशे ऐंशी-एकशे पंच्याऐंशी मीटर. तुमच्या प्रतिमेतला एक चौकोन एक किलोमीटरचा असेल तर एक दशांश पुष्कळ झाला. सहा दशांशी अंश म्हणजे हाताच्या लांबीपेक्षाही कमी अंतर, एक किलोमीटरच्या चौकोनात ते सांगणं म्हणजे नुसता दिमाख.

आता लिहायचं कसं. पूर्णांक अंश बाजूला काढून उरलेल्याला ६० ने गुणायचं, हे कोणालाही सुचतं, आणि ते गोव्यातच फसतं! ७४ अंशांची रेघ आपल्या फोंड्याजवळून जाते, १५ अंशांची काणकोणजवळून. ७३.९९९९ वर बाण नेला की अंश ७३ आणि मिनिटं ५९.९९४, एका दशांशाला गोल केलं की ७३ अंश ६०.० मिनिटं, असं ठिकाण पृथ्वीवर कुणी लिहीत नाही. म्हणून आधी अंशांना ६०० ने गुणा, राउंड करा, आणि मग ६०० ने भागून अंश काढा, उरलेल्या बाकीला १० ने भागून मिनिटं. आता ७४ अंश ०.० मिनिटं नीट येतं. पणजीजवळ तपासायचं तर १५.४९ चे १५ अंश २९.४ मिनिटं उत्तर अक्षांश यायला हवेत आणि ७३.८३ चे ७३ अंश ४९.८ मिनिटं पूर्व रेखांश.

चौकटी कंसातला आकडा म्हणजे त्या चौकोनाचं तापमान, तो फॉरमॅट_कोऑर्डमधून येत नाही, प्रतिमा स्वतःच तो पुरवते. तो बदलायचा तर इमशोने परत दिलेल्या वस्तूवर फॉरमॅट_कर्सर_डेटा बदला, त्याला तापमान मिळतं आणि तुम्ही "२८.४ अंश सेल्सिअस" असा मजकूर परत द्या. ढगांमुळे जिथे आकडाच नाही तिथे एनएएन येतो, त्याची वेगळी वाट काढून "ढग" असं छापलंत तर ट्रॉलरवाले फोन करून विचारणार नाहीत की मशिन बिघडलं काय. एक्सटेंट दिला नसता तर पिक्सेलचे केंद्र पूर्णांकावर आणि कडा अर्ध्यावर असतात, म्हणून ओळ-रकाना काढताना एक्समध्ये अर्धा मिळवून पूर्णांक घ्यावा लागतो, तुम्हाला ती भानगड नाही.

प्रश्न: बारा तालुक्यांचे बारा छोटे आलेख लूपमध्ये काढलेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तालुक्याचं नाव यावं म्हणून लॅम्डा (एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) लिहिला, पण कुठेही माउस नेला तरी धारबांदोडाच येतं.
— वाचक, फोंडा

उत्तर: यादीत शेवटचं धारबांदोडा असणार. लॅम्डा नाव साठवत नाही, माउस हलेल तेव्हा व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघतो, आणि तोवर लूप संपलेला असतो. लॅम्डाच्या आर्ग्युमेंटांत एक्स-वायनंतर नाव=नाव असा डिफॉल्ट द्या, नाहीतर नाव घेऊन फंक्शन परत देणारं एक छोटं फंक्शन लिहा. हे पायथनचंच वागणं आहे, मॅटप्लॉटलिबचा यात दोष नाही.

प्रश्न: कोपऱ्यातले आकडे आणि शब्द मराठीत येतील का? आलेखाच्या मथळ्यात मराठी लिहिलं तर नुसते चौकोन आले म्हणून विचारतोय, शाळेतल्या मुलांना दाखवायचंय.
— शिक्षक, पेडणे

उत्तर: येतील, आणि गंमत म्हणजे मथळ्यापेक्षा कोपऱ्यात सोप्या रीतीने येतील. मथळा, लेबलं वगैरे आलेखाच्या आतला मजकूर मॅटप्लॉटलिब स्वतः रंगवतो, त्याचा नेहमीचा फॉन्ट देजावू सॅन्स, त्यात देवनागरी नाही, म्हणून चौकोन. देवनागरी फॉन्ट दिला तरी आजवर बहुतेकांच्या मशिनवर असलेल्या आवृत्त्या जोडाक्षरं जुळवत नाहीत, "स्थिती" मधला स पाय मोडून पडतो आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. कोपऱ्याची ओळ मात्र आलेखात नसतेच, ती खिडकीच्या टूलबारवरची पट्टी असते, क्यूटी (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) बॅकएंड वापरलात तर ती क्यूटी रंगवतो, आणि त्याला जोडाक्षरं व्यवस्थित येतात.

आकड्यांसाठी स्ट्रिंगची मेकट्रान्स वापरा, इंग्रजी दहा अंकांची ओळ आणि समोर ०१२३४५६७८९, आणि तयार झालेल्या मजकुरावर शेवटी ट्रान्सलेट. शेवटी म्हणजे अगदी शेवटी, आधी दशांश वगैरे सगळं फॉरमॅट होऊ द्या. आणि प्रत्येक आकड्याला ठरलेली रुंदी द्या, नाहीतर ९.९ वरून १०.० झालं की अख्खी ओळ उड्या मारते आणि मुलं आलेख सोडून तिकडेच बघत बसतात.

प्रश्न: ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथन चालवतात तिथे) हे सगळं करून बघितलं, कोपऱ्यात काहीच येत नाही.
— वाचक, डिचोली

उत्तर: इनलाइन मोडमध्ये आलेख म्हणजे नुसतं चित्र असतं, माउसला कोण विचारणार. आयपीवायएमपीएल बसवा आणि टक्का-मॅटप्लॉटलिब, मग एक जागा सोडून विजेट असं लिहा, मग आकडे आलेखाखाली येतात. ते नको असेल तर प्लॉटली ही दुसरी आलेखांची लायब्ररी घ्या, तिथे मुळातच माउस जवळच्या नोंदीला चिकटतो आणि साखळीच्या सरांना हवं होतं ते फुकट मिळतं, मजकूर होव्हरटेम्प्लेटमध्ये लिहायचा, बाजूला मालिकेचं नाव उगाच येत असेल तर टेम्प्लेटच्या शेवटी रिकामा एक्स्ट्रा टॅग. पण तिथे रिकाम्या जागेचा पत्ता मिळत नाही, वास्कोवाल्यांना तो लागतो. ज्याचं त्याने बघावं.

प्रश्न: मला हे आकडेच नकोत. प्रदर्शनात मोठ्या स्क्रीनवर आलेख ठेवायचाय, लोक माउस हलवतात आणि खाली आकडे थयथय नाचतात.
— वाचक, म्हापसा

उत्तर: फॉरमॅट_कोऑर्डमध्ये एक्स-वाय घेऊन रिकामी स्ट्रिंग परत देणारा लॅम्डा टाका. आलेखात इमशोची प्रतिमा असेल तर चौकटी कंसातला आकडा तरीही येत राहील, त्यासाठी प्रतिमेचा माउसओव्हर गुण फॉल्स करा. आणि टूलबारच नको असेल तर आलेख बनवायच्या आधी आरसीपॅरॅम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगांत) टूलबारला 'None' ही स्ट्रिंग, अवतरणचिन्हांसकट, द्या, मग झूमचं बटणही जातं आणि लोक आलेख वाकडातिकडा करून निघून जायचे तेही थांबतं.